आधी कोमट पाणी

सकाळी सात वाजता मी सदऱ्याची खालची दोन बटणं सोडतो
आणि पोटातून बाहेर आलेली नळी हातात घेतो.
आधी कोमट पाणी, साठ मिली.
मग ते पिठाळ दूध, ज्याच्या डब्यावर
'व्हॅनिला' असं लिहिलंय.
कुणासाठी लिहिलंय, कोण जाणे.

बत्तीस वर्षं मी फेरीबोटीच्या पोटात काढली,
सारेमा बेटावरून मुख्य भूमीवर, आणि परत.
तेलाच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या, वाफेच्या.
म्हणून नर्स कायरित मला शिकवायला बसली
तेव्हा मी म्हटलं (तेव्हा थोडा आवाज शिल्लक होता),
बाई, नळी कशानं तुंबते ते मला सांगू नका.
ती म्हणाली, बरं, पण गोळ्या बारीक कुटा.
पहिल्याच आठवड्यात तुंबली.
तासभर कोमट पाणी आत ढकलत, बाहेर ओढत बसलो,
इंजिनाला द्यायचो त्याच शिव्या
मनातल्या मनात देत.

उंचीचं सगळं गणित आहे.
सिरिंज वर धरली तर जेवण धडाधडा उतरतं, मळमळतं.
खाली धरली तर रुसून बसतं.
तिसऱ्या बटणाशी धरायची,
हा माझा शोध.
हातातोंडाची गाठ वगैरे म्हणतात, ती सुटली.
आता हाताची आणि बेंबीच्या वरच्या भोकाची.

शेजारचा विल्लू शनिवारी मासे धुरावतो.
जुनिपरचा धूर कुंपण ओलांडून येतो
आणि तोंडाला पाणी सुटतं.
म्हणजे खरोखरच सुटतं.
गिळता येत नाही, कपात थुंकावं लागतं.
इतकी वर्षं हे शब्द वापरले,
त्या पाण्याचं पुढं काय करायचं
हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

कॉफी मात्र घेतो. गाळून, निववून,
कायरितनं नाक मुरडून दिलेल्या परवानगीनं.
चव नाही, फक्त आत कुठंतरी
कुणी हात ठेवल्यासारखी ऊब.
मग दहा मिनिटांनी ढेकर येतो
आणि त्यात कॉफी असते!
कडू, करपट, माझी.

माइमू माझ्यासमोर जेवत नाही.
म्हणते, दुकानात खाल्लं. म्हणते, भूक नाही.
ऑगस्टपासून तिचा स्कर्ट पिनेवर आहे.
एका रात्री उठलो, तर ती सिंकपाशी उभी,
नळ सोडलेला,
पाण्याच्या आवाजाआड काळा राय पाव चावत होती.
स्वतःच्याच घरात चोर.
मी मागं फिरलो, तर फळी करकरली.
नळ बंद झाला.
चावणंही.

सकाळी मी वीजबिलाच्या मागं लिहिलं:
बटाटे उकड. शेपू घाल. दोन ताटल्या मांड.
'दोन'वर तिचं बोट थांबलं.
दुसऱ्या ताटलीत मी माझी सिरिंज ठेवली,
शेजारी काटा नि सुरीही. असू द्या.

ती बसली. पहिला बटाटा
लेकरासाठी चिरावा तसा चिरत राहिली,
मग आठवलं तिला, हा आपलाच आहे.
खाल्ला. थोडी रडली, मीठ जास्त झालं म्हणाली.
दुसऱ्या बटाट्याला लोणी घेतलं.
हनुवटीला लागलं, ते मी बोटानं दाखवलं.
एक्केचाळीस वर्षं हे काम तिचं होतं.

शेवटी कोमट पाणी, साठ मिली.
आज सिरिंज तिनं धरली. जरा उंचच.
खाली, मी खूण केली.
'कळतंय मला,' ती म्हणाली,
आणि नीटसं ऐकू आलं नाही,
तोंडात पाव होता.